सोर्स बाहेर असताना

आमच्या हॉस्पिटलात माझी खोली कुठे आहे हे लिफ्टमनलासुद्धा सांगावं लागतं. तळघरात, पार्किंगच्या पलीकडे, पिवळ्या पाटीच्या आड. दारावर 'वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ' असं लिहिलेलं आहे, त्यामुळे सहसा कोणी आत येत नाही. रेडिएशन किती द्यायचं, किती वेळ द्यायचं आणि नको तिथे कसं जाऊ द्यायचं नाही, हे बघणं माझं काम. माझं नाव वैदेही. माझा स्वभाव तिरसट आहे असं माझा नवरा म्हणतो, आणि त्याला पुरावे पुरवण्यात मी कधी कमी पडलेले नाही.

त्या दिवशी डॉक्टर रणजीतचा फोन आला. तो आमच्याकडचा हृदयाचा डॉक्टर. हात सोन्याचे, पण समजावून सांगायची वेळ आली की दुसऱ्याला पुढे करणार.

"एक पेशंट आहे, कमळाकर मढवी. बासष्ट वर्षांचे, नवी मुंबईतल्या पावणे गावचे," तो म्हणाला. "त्यांना तुझं ते रेडिएशन द्यायचंय आणि ते नाही म्हणतायत."

"माझं ते" म्हणजे काय, ते सांगते. रक्तवाहिनी आखडली की तिच्यात जाळीची नळी बसवतात, तिला स्टेंट म्हणतात. ती बसताना आतून जखम होते, आणि काही माणसांच्या शरीराला जखम भरण्याचा एवढा उत्साह असतो की मांस वाढून नळीच बुजून जाते. मढवींची तशी दोनदा बुजली होती. पहिल्या जाळीच्या आत दुसरी बसवली, तीही बुजली. तिसरीला जागा नव्हती. बायपास नऊ वर्षांपूर्वीच होऊन गेलेला, पायातल्या शिरा तेव्हाच वापरून झालेल्या. उरलेला उपाय एकच. फुग्याने ती जागा मोकळी करायची, तिथे चार-पाच मिनिटं किरणांचा सोर्स नेऊन ठेवायचा आणि परत काढून घ्यायचा. वाढू पाहणाऱ्या पेशींना तेवढा दम पुरतो.

"नाही का म्हणतायत?"

"मला कळत नाही. क्युरी, इरिडियम असलं काहीतरी बोलतायत. तूच बोल. नस नव्वद टक्के बंद आहे, वैदेही. फार वेळ नाहीये."

मी वॉर्डात गेले तेव्हा कमळाकर मढवी पलंगावर नव्हते. बाजूच्या खुर्चीत ताठ बसले होते, इंटरव्ह्यूला आल्यासारखे. त्यांची बायको गोजराकाकू खिडकीशी आणि मुलगा रूपेश दारात फोनवर. मी कोण ते सांगितलं, तर नमस्कार वगैरे काही नाही, थेट प्रश्न.

"किती क्युरीचा हाय?"

क्युरी हे सोर्सची ताकद मोजायचं माप. एवढ्या वर्षांत मला हा प्रश्न एकाही पेशंटने विचारला नव्हता. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. "एक दशांशच्या आसपास," मी म्हणाले.

"आमचा पन्नास-साठचा असायचा," ते म्हणाले, आणि तोंड असं केलं की एक दशांश क्युरीत त्यांना काही राम वाटला नाही.

अठ्ठावीस वर्षं त्यांनी वेल्डिंगचे फोटो काढले होते. तळोज्यापासून पावण्यापर्यंतच्या कंपन्यांमध्ये पाईपांचे, टाक्यांचे जोड आतून पक्के आहेत की पोकळ, ते किरणांनी तपासायचं. सोर्स एका वजनदार डब्यात बंद असतो. त्या डब्यालाच ते लोक कॅमेरा म्हणतात. लांबून हँडल फिरवलं की सोर्स एका पाईपातून बाहेर जातो, उलटं फिरवलं की परत आत येतो. आणि तो बाहेर असताना माणसाने भोवती दोरी बांधून पंचवीस-तीस मीटर लांब राहायचं. त्या धंद्याचा हा एकच धर्म.

"मना एकच सांगा," ते म्हणाले. "सोर्स भायेर असताना रूममदी कोन असतं?"

"सगळे असतात. डॉक्टर, मी, सिस्टर."

लहान मूल थाप मारतं तेव्हा आपण जसं बघतो, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पेशंटला धीर द्यायला खोटं बोलतात, म्हाईत हाय मना. मॅडम, मी तयार हाय. पन सगल्यांनी भायेर जायाचं. मी एकटा राहीन."

"काका, तसं नाही चालत. नळी डॉक्टरांच्या हातात असते. मधेच तुमच्या छातीत दुखलं तर?"

"दुखू दे."

गोजराकाकूंनी खिडकीबाहेर बघितलं. रूपेशने फोन खिशात टाकला आणि म्हणाला, "बाबा, कशाला टेन्शन देताय सगळ्यांना?" बाबांनी लक्ष दिलं नाही.

मग मी माझ्या परीने समजावलं. त्यांच्या सोर्समधल्या इरिडियमचे किरण लोखंड ओलांडून जातात, आमच्या सोर्सचे मांसात काही मिलिमीटर गेले की संपतात. शरीराबाहेर जवळजवळ काही येत नाही, म्हणून कोणाला पळायची गरज नसते. ते ऐकत होते, मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "बरं. मना दाखवा. किरनं मोजायचं माजं मीटर घरी हाय, रूपेश आनंल. मी मोजतो. मंग बोलू."

पेशंटने आपलं मीटर आणून आमचा सोर्स मोजायचा, हे कुठल्याही नियमात बसत नव्हतं. तरी मी हो म्हणाले. मनातून मला वाटलं, एकदा तरी कोणाला माझं काम दिसेल.

दुसऱ्या दिवशी त्यांना चाकांच्या खुर्चीवरून तळघरात आणलं. रूपेश होता, रणजीतही आला. काकांचं मीटर जुनं होतं, विटेएवढं, जाड लोखंडी कवचाचं, काट्याचं. त्यांनी आधी बॅटरीचं बटण दाबलं, काटा खुणेपर्यंत गेला. मग दारापासून सुरुवात केली, एकेक पाऊल, मीटर पुढे धरून. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना दाखवावी अशी पद्धत. सोर्सची पेटी टेबलावर होती. ते तिच्यापाशी पोचले, मीटर टेकवलं.

काटा हलला नाही.

त्यांनी पुन्हा बटण दाबलं, पुन्हा मीटर टेकवलं. काटा शून्यावर. रणजीतला वाटलं आपण मदत करावी. त्याने पेटीवर तळहात ठेवला आणि हसून म्हणाला, "बघा काका, मी तर हात ठेवून उभा आहे."

"हात काढा."

आवाज अगदी हळू होता. रणजीतला कळलंच नाही. काकांचा चेहरा पांढरा पडला होता. "काढा तो हात," ते परत म्हणाले, आणि रणजीतने हात काढल्यावर मीटर टेबलावर ठेवून खुर्चीत बसले. "पेटी रिकामी हाय. चल रूपेश."

रूपेशचा पारा चढायला तेवढं पुरलं. त्याचा जेसीबी भाड्याने देण्याचा धंदा आहे, आवाज त्या मापाचा. "मॅडम, काय आहे हे? येडा बनवताय काय आम्हाला? सोर्सच नाय तर आमच्या बाबाला आत नेऊन करणार काय तुम्ही?"

आता, खरं उत्तर अगदी सोपं होतं. आमची पेटी जाड प्लॅस्टिकची, तिच्यातून हे किरण बाहेर येत नाहीत. आले असते तरी काकांच्या मीटरचं लोखंडी कवच त्यांना आत शिरू देत नाही. ते मीटर इरिडियमसाठी बनवलेलं, त्याला आमचा सोर्स दिसणारच नाही. एवढं शांतपणे सांगायचं होतं. पण कोणी माझ्या खोलीत येऊन मला खोटं ठरवलं की माझ्या जिभेला हाड राहत नाही.

"काका," मी म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं नोकरी केलीत आणि आपलं मीटर काय बघतं, काय नाही, एवढंही माहीत नाही? कमाल आहे तुमची."

मुलासमोर, डॉक्टरसमोर. काकांनी माझ्याकडे बघितलं, त्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. संध्याकाळी स्वतःच्या जबाबदारीवर सही करून ते घरी गेले.

रणजीतने फोन करून सांगितलं, "जाऊ दे. आपण काय जबरदस्ती करणार?" मी विचारलं, "किती दिवस आहेत?" तो म्हणाला, "दोन महिनेही निघतील, किंवा दोन आठवडेही निघणार नाहीत. जिना चढताना होईल, नाहीतर जेवताना."

मीटर माझ्याच टेबलावर राहिलं होतं. परत पाठवायचं म्हणून उचललं, उलटं केलं, तर मागे पांढऱ्या चिकटपट्टीवर बॉलपेनने तारखा लिहिलेल्या. बॅटरी बदलल्याच्या. दर महिन्याची एक तारीख, एकही महिना चुकलेला नाही. पट्टी भरली की तिच्यावर दुसरी पट्टी. शेवटची तारीख याच महिन्याची. काका रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. ज्या घरात सोर्स नाही, कधी येणार नाही, तिथे हा माणूस दर महिन्याला मीटरची बॅटरी बदलत होता. मी बराच वेळ ते हातात धरून बसले. 'हात काढा' हे त्यांचे शब्द कानातून जात नव्हते, आणि माझेही.

रविवारी मी पावण्याला गेले. मढवींचं घर गावठाणात, तीन मजली, खालच्या गाळ्यात लेथ मशीनवाला भाडेकरू. रविवार असूनही मशीन चालू होतं. लोखंडाचा किस पायरीपर्यंत आला होता. गोजराकाकूंनी दार उघडलं. "अंगोल करतान हे," म्हणाल्या, आणि मला स्वयंपाकघरात बसवून चहा ठेवला. मी काही विचारलं नाही. त्यांनीच सुरुवात केली.

"बाय, यांचा राग नको धरू. यांचा मानसावर भरवसा नाय, आनि त्या काट्यावर बी नाय."

"काय झालं होतं, काकू?"

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. तळोज्यात एका कंपनीत काम चालू होतं. जोडीला मधुकर होता, काकांचा शाळेपासूनचा दोस्त. फोटो झाला, काकांनी हँडल उलटं फिरवलं, मीटर घेऊन पुढे गेले, काटा शून्यावर. ते ओरडून म्हणाले, आत गेला. मधुकरने पाईप हातांनी सोडवला. सोर्स आत गेलेला नव्हता, त्या पाईपातच अडकला होता.

"बॅटरी मेलेली," काकू म्हणाल्या. "ठेकेदारानी मयनाभर बदलली नव्हती. पयल्यांदी तीन बोटं गेली मधुकरची. मंग मनगटापासून हात काढला."

"आता कुठे असतात ते?"

"हाय ना, तलोज्याला. पोरांनी दुकान टाकलाय, तिथं बसतं. दोनदा येऊन गेला घरी. हे माडीवरून खाली नाय उतरले." त्यांनी गॅस बंद केला. "तवापासून कुनाला जवल येऊ देत नाय. नात झायली, तिला मांडीवर नाय घेतली. बोलतान, लांब बरं. मी बोल्लं, आता कुठला सोर्स नि कुठला काय? तर गप."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे आपण हसत म्हणतो. ज्याच्या हातून दुसऱ्याचं तोंड पोळलं तो काय पितो, त्याची म्हण नाही. मी चहा तसाच ठेवला. मला स्वतःची लाज वाटत होती आणि ती चहाबरोबर गिळता येत नव्हती.

काका दारात उभे होते, खांद्यावर पंचा. किती ऐकलं होतं कोण जाणे. मी उठून मीटर पुढे केलं. "काका, मी त्या दिवशी फार वाईट बोलले. तुमची माफी मागायला आले आहे."

त्यांनी मीटर घेतलं, सवयीने बटण दाबून काटा बघितला आणि समोरच्या खुर्चीवर बसले. खालचं मशीन एकदाचं थांबलं.

"डॉक्टरनी हात ठेवला ना पेटीवर," ते म्हणाले. "आनि काटा शून्यावर. मना तो मधुकरचा हात दिसला."

"मग पेटी रिकामी आहे असं का म्हणालात?"

"रिकामी असंल तर बरं, म्हनून."

काकूंनी पदर तोंडाला लावला. काका जमिनीकडे बघत बोलत होते. "मॅडम, मी मरनाला भीत नाय. पन माज्या एका नसेपायी परत कुनाचा हात घालवू काय? डॉक्टरचं वय काय, चालीस? त्याला पोरं असतील."

बासष्ट वर्षांचा माणूस, हृदय धड चालत नाही, आणि काळजी डॉक्टरच्या हाताची. मला रडू आलं, ते मी चष्मा पुसण्यात घालवलं.

"काका," मी म्हणाले, "तुमचं मीटर खोटं बोललं नाही. त्याला हा सोर्स दिसतच नाही. उद्या तळघरात या. याला दिसणारं मीटर माझ्याकडे आहे. मी काही समजावणार नाही, तुम्हीच मोजा. पटलं नाही तर मी स्वतः तुम्हाला रिक्षात बसवून देईन."

"डॉक्टर नको तिथं."

"नको. आपण दोघंच."

सोमवारी ते आले. रूपेशला त्यांनी बाहेर पार्किंगमध्ये उभं केलं. मी मीटर तपासायला ठेवलेला छोटा सोर्स काढला, तोही त्याच जातीचा, पण अगदी कमी ताकदीचा, आणि टेबलाच्या मध्यावर ठेवला. माझं मीटर त्यांच्या हातात दिलं. त्याच्या तोंडाला पातळ पडदा असतो, म्हणून त्याला हे किरण दिसतात. काकांनी आधी बॅटरी बघितली. नुसतं बटण दाबून नाही, मागचं झाकण उघडून, सेल काढून, परत घालून. मग दारापासून निघाले.

दोन हातांवर आल्यावर मीटर कडकडायला लागलं. काका जागीच थांबले. मग त्यांनी स्वतःचं मीटर त्याच जागी धरलं. ते गप्प. पुन्हा माझं धरलं, कडकड. असं तीनदा केलं.

"आता मधे काहीतरी घाला," मी म्हणाले.

"शिसं हाय?"

"शिसं नको. ती तुमची फाईल घाला."

नऊ वर्षांच्या रिपोर्टांची त्यांची फाईल चांगली वीतभर जाड होती. त्यांनी ती सोर्सच्या पुढे उभी केली आणि माझं मीटर मागे धरलं. कडकड बंद झाली. फाईल काढली, सुरू. ठेवली, बंद. साध्या कागदाने. अठ्ठावीस वर्षं शिशाच्या आणि काँक्रीटच्या आडोशाला राहिलेला माणूस एका फाईलकडे बघत उभा होता.

"कागदानी आडवला," ते म्हणाले.

"तुमच्या छातीचं मांस याहून जाड आहे, काका. डॉक्टरचा हात त्याच्या पलीकडे असतो. एक्सरेचे किरण त्याला रोज लागतात, हे त्याच्यापुढे काहीच नाही. तरी मी मीटर घेऊन तुमच्या डोक्याशी उभी राहीन. काटा गैर हलला तर सगळ्यांना बाहेर काढीन, तुम्ही सांगायच्या आधी."

"तुमी बी आत?"

"माझी ती ड्युटी आहे."

त्यांनी फाईल काखेत मारली. "बॅटरी नवीन घाला त्या दिवशी," म्हणाले. ते त्यांचं हो होतं.

बुधवारी सकाळी त्यांना आत घेतलं. सोर्स ढकलायचं काम आमच्या रेडिएशन विभागाच्या डॉक्टर संघमित्रांचं. रणजीतने आधी मांडीच्या नसेतून नळी हृदयापर्यंत नेली, फुग्याने बुजलेली जागा मोकळी केली. मग पेटी जोडली. संघमित्रांनी पिचकारी हळूहळू दाबली, पाण्याच्या दाबाने सोर्सचे बारीक मणी नळीतून पुढे सरकले आणि एक्सरेच्या पडद्यावर बरोबर जागेवर जाऊन थांबले.

"पोचला," त्या म्हणाल्या. मी घड्याळ सुरू केलं. चार मिनिटं वीस सेकंद. काकांच्या डोक्याशी, तीन फुटांवर मी उभी होते, एका हातात मीटर, दुसऱ्या हातात घड्याळ. काटा जेमतेम हलला आणि तिथेच राहिला.

काका शुद्धीवर होते, असंच करतात. त्यांचं लक्ष छताकडे नव्हतं, रणजीतच्या हातांकडे होतं.

"डॉक्टर, मागं व्हा," ते म्हणाले.

"नाही होता येत काका," रणजीत म्हणाला.

"एक मिनिट झालं," मी सांगितलं.

"मॅडम, काटा?"

"होता तिथेच आहे."

"सिस्टरला तरी पाठवा भायेर."

सिस्टर जागची हलली नाही. दुसरं मिनिट झालं आणि त्यांचा श्वास बदलला. नळीने ती अरुंद जागा अडवलेली असते, रक्त पुढे कमी जातं, असं होतं कधीकधी. मॉनिटरवरच्या रेघा बदलल्या. कपाळावर घाम आला. ओठ दाबून धरले तरी कण्हणं बाहेर आलं.

"दुखतंय का काका?" रणजीतने विचारलं. "मी काढून घेऊ शकतो. थोडं थांबून उरलेलं पुन्हा देता येतं."

संघमित्रांनी माझ्याकडे बघितलं. "दोन मिनिटं, पाच सेकंद उरलेत," मी म्हणाले.

काकांचे डोळे रणजीतच्या हातांवरून निघाले आणि खोलीभर फिरले, काहीतरी शोधत असल्यासारखे. मग त्यांनी मान वर करून मला शोधलं.

"मॅडम."

"काटा ठीक आहे, काका. मी बघतेय."

"काटा राहू द्या," ते म्हणाले. "जवल या."

मी एक पाऊल पुढे झाले.

"आनखी जवल. हात द्या."

चादरीखालून त्यांचा डावा हात बाहेर आला होता. माझे दोन्ही हात अडकलेले. मी मीटर ट्रॉलीवर ठेवलं आणि त्यांचा हात धरला. तो बर्फासारखा गार आणि ओला होता. त्यांनी एवढ्या जोराने धरला की माझी बोटं एकमेकांवर चढली.

"लय दुखतंय," ते म्हणाले.

"काढू का?" रणजीतने पुन्हा विचारलं.

"नको. होऊ दे पुरं." त्यांनी डोळे मिटले. "पन कोनी जाऊ नका."

कोणी गेलं नाही. मी सेकंद मोठ्याने मोजायला लागले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. रणजीत नळी धरून, संघमित्रा पेटीशी, सिस्टर पायाशी, आणि मी त्यांच्या तोंडाजवळ वाकलेली. नव्वद, ऐंशी, सत्तर. ते ओठांनी माझ्याबरोबर मोजत होते. दहाच्या आत आल्यावर त्यांचा आवाजही यायला लागला.

सोर्स पेटीत परत गेला, नळी निघाली, मॉनिटरच्या रेघा हळूहळू जागेवर आल्या. यानंतर पेशंटच्या अंगावरून मीटर फिरवून आत काही राहिलं नाही ना, हे बघायचं असतं. ते माझंच काम. पण त्यासाठी हात सोडवायला हवा होता आणि काका सोडत नव्हते. मी घड्याळ खाली ठेवलं, सिस्टरने ट्रॉलीवरचं मीटर माझ्या मोकळ्या हातात दिलं, आणि मी तशीच, एका हाताने, त्यांच्या छातीवरून मीटर फिरवलं.